डोमेन नावाने ॲप कधी उघडतं, कधी नाही: प्रायव्हेट क्लाउडवरच्या एका हट्टी तक्रारीचा माग

"सर, हजेरीचं पान परत उघडेना."

इचलकरंजीच्या युनिटमधून हा फोन यायचा तो बहुतेक वेळा सकाळी, शिफ्ट बदलायच्या सुमारास. मी पुण्यात लॅपटॉप उघडून बघायचो, तर पान व्यवस्थित उघडायचं. मग तिकडे सांगायचो, "राउटर एकदा बंद करून चालू करा." ते करायचे, पान उघडायचं, विषय मिटायचा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तोच फोन. असं जवळजवळ दीड महिना चाललं. दरम्यान आम्ही ॲपचा सर्व्हर मोठा केला, डेटाबेस तपासला, इंटरनेटवाल्याशी दोनदा भांडलो. यातल्या कशाचाच तक्रारीशी संबंध नव्हता.

हे सविस्तर लिहितोय कारण खाजगी नेटवर्कमधलं ॲप डोमेन नावाने उघडायची सोय केली की ही तक्रार कुठे ना कुठे येतेच, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चुकीच्या टोकाकडून तपासली जाते. शिफ्टला उभा राहिलेला माणूस हजेरी लागेना म्हणून पंधरा मिनिटं ताटकळतो आणि महिनाअखेरीला त्याचाच पगार कापला जातो, हे मी तिथे बसून पाहिलंय. त्यामुळे "राउटर रीस्टार्ट करा" हे उत्तर मला आता चालत नाही.

आधी मांडणी सांगतो. कंपनी वस्त्रोद्योगातली, मुख्य कचेरी पुण्यात, युनिट इचलकरंजीत. हजेरी, स्टोअर आणि पगार ही तीन ॲप ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या एका व्हीपीसीत, म्हणजे क्लाउडमधल्या आपल्या खाजगी नेटवर्कमध्ये. व्हीपीसीचा पत्त्यांचा पट्टा १०.२०.०.०/१६, म्हणजे १०.२० ने सुरू होणारे पत्ते. ॲपना पब्लिक पत्ता नाही, बाहेरून दार नाही. पुण्यातले लोक लॅपटॉपवरच्या वायरगार्ड या व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून आतपर्यंत जाणाऱ्या सुरक्षित टनेलने, आत येतात. युनिटमध्ये मात्र प्रत्येक मशीनवर व्हीपीएन टाकणं शक्य नव्हतं, म्हणून तिथे एक छोटा लिनक्स राउटर आहे. तोच वायरगार्डचं टनेल धरून ठेवतो आणि त्याच्यावरचा डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता शोधून देणारा) युनिटमधल्या सगळ्या मशीनच्या नावांचे प्रश्न सोडवतो. डोमेन आपण एक्झाम्पल.कॉम धरू, कारण हे नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे. म्हणजे हजेरीचं ॲप हजेरी.एक्झाम्पल.कॉम. या नावाची नोंद रूट ५३ या ॲमेझॉनच्या डीएनएस सेवेतल्या प्रायव्हेट झोनमध्ये (फक्त आतून दिसणारी नावांची यादी), पत्ता १०.२०.३.१५, तिथे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर बसलेला. कंपनीची जाहीर वेबसाइटही एक्झाम्पल.कॉम याच नावावर, पण तिचा झोन पब्लिक. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो दोनदा नडणार आहे.

युनिटमध्ये बसून पाहिलं तेव्हा

लांबून काही कळेना म्हणून शेवटी एक दिवस पहाटे निघालो आणि साडेसहाला टाइम ऑफिसमधल्या मशीनसमोर जाऊन बसलो. एका खिडकीत दर पाच सेकंदांनी डिग कमांडने हजेरी.एक्झाम्पल.कॉमचा पत्ता विचारायला लावला, दुसऱ्या खिडकीत १०.२०.३.१५ ला पिंग. सहा बावन्नपर्यंत दोन्हीकडे सगळं सुरळीत. मग एका फेरीत डिगचं उत्तर बदललं. स्टेटसमध्ये नोएररच्या जागी एनएक्सडोमेन आलं, म्हणजे "असं नावच अस्तित्वात नाही". पिंग मात्र तसाच चालू, एकही पॅकेट हरवलं नाही. टनेल जिवंत, सर्व्हर जिवंत, ॲप जिवंत. फक्त नाव मेलेलं.

त्या एनएक्सडोमेनच्या उत्तरात खाली ऑथॉरिटी म्हणून एसओए रेकॉर्डची, म्हणजे झोनच्या मूळ माहितीची, ओळ होती. तिच्यातला नेमसर्व्हर आमच्या प्रायव्हेट झोनचा नव्हता, कंपनीच्या वेबसाइटच्या पब्लिक झोनचा होता. त्या ओळीत टीटीएलचा, म्हणजे उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं त्याचा, आकडा होता ८७४. पाच सेकंदांनी पुढचं उत्तर आलं तेही एनएक्सडोमेनच, पण वेळ शून्य मिलिसेकंद. म्हणजे राउटरने बाहेर कुणाला विचारलंच नाही, स्वतःच्या कॅशमधून, म्हणजे जपून ठेवलेल्या उत्तरांतून, सांगितलं. बाहेर रांग लागलेली, सुपरवायझर दर मिनिटाला डोकावून जातायत, आणि मी घड्याळाकडे बघत बसलेलो. सात वाजून सहा मिनिटांनी, कुणी काही न करता, उत्तर पुन्हा १०.२०.३.१५ झालं. ८७४ सेकंद म्हणजे साडेचौदा मिनिटं. हिशेब तंतोतंत जुळला.

"थोड्या वेळाने आपोआप चालू होतं" आणि "रीस्टार्ट केलं की चालू होतं" या दोन वाक्यांमागचं कारण तिथे सापडलं. नाव सापडलं नाही हे उत्तरसुद्धा कॅशमध्ये राहतं. किती वेळ, ते त्या झोनच्या एसओएवर ठरतं: रेकॉर्डचा स्वतःचा टीटीएल आणि त्याच्यातला मिनिमम हा आकडा, यांपैकी जो लहान तो. आरएफसी २३०८ या इंटरनेटच्या नियमपत्रात १९९८ सालीच हे ठरलंय. रूट ५३ मध्ये झोन बनवला की एसओएचा टीटीएल ९०० असतो आणि मिनिमम ८६४००. लहान आकडा ९००, म्हणजे जास्तीत जास्त पंधरा मिनिटं. रीस्टार्ट केल्यावर डीएनएसमास्कची कॅश पुसली जाते, म्हणून लगेच चालू. दोष तसाच राहतो आणि पुढच्या वेळेची वाट बघतो.

दुसरा डीएनएस सर्व्हर "बॅकअप" नसतो

आता पब्लिक झोनचं उत्तर आलंच कसं? राउटरच्या सेटिंगमध्ये प्रश्न पुढे पाठवायला दोन सर्व्हर लिहिले होते. पहिला आमचा व्हीपीसीतला रिझॉल्व्हर (नावांची उत्तरं देणारा सर्व्हर), दुसरा गूगलचा सार्वजनिक ८.८.८.८. टनेल पडलं तर निदान इंटरनेट तरी चालावं, या चांगल्या हेतूने कुणीतरी दुसरा टाकलेला. बहुतेक तो मीच टाकला असेन, कारण सुरुवातीची फाइल माझ्याच हातची होती.

दोन सर्व्हर दिले की पहिल्याला नाव माहीत नसेल तर दुसऱ्याला विचारलं जाईल, अशी बहुतेकांची समजूत असते. मीही कितीतरी वर्षं तसंच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात एनएक्सडोमेन हे पक्कं उत्तर आहे. ते मिळालं की शोध संपला, पुढे कुणाला विचारलं जात नाही. दुसरा सर्व्हर कामाला येतो तो पहिला गप्प बसला किंवा चुकला तर. शिवाय कोणता पहिला, याचीही प्रत्येकाची रीत निराळी. लिनक्सची नेहमीची ग्लिबसी लायब्ररी क्रमाने जाते, पाच सेकंद वाट बघते, मग पुढच्याकडे. अल्पाइनवरच्या कंटेनरमधली मसल लायब्ररी सगळ्यांना एकदम विचारते आणि पहिलं येणारं उत्तर घेते. सिस्टमडी-रिझॉल्व्हडी एक सर्व्हर धरून बसतो, तो चुकला की दुसऱ्यावर जातो, आणि पहिला सुधारला म्हणून परत येत नाही. विंडोज आठपासून पुढे, लॅपटॉपला वायफाय आणि व्हीपीएन अशी दोन कनेक्शन असतील तर प्रश्न दोन्हीकडे जाऊ शकतो, आणि ज्याचं उत्तर आधी आलं तो जिंकला. डीएनएसमास्क अधूनमधून सगळ्यांना विचारून बघतो आणि चटकन उत्तर देणाऱ्याला पुढचे प्रश्न देतो.

आमच्याकडे नेमकी हीच शर्यत लागत होती. दोघांच्या वेगात फरक अगदी थोडा. एरवी टनेलमधून येणारं उत्तर आधी पोचायचं. शिफ्टच्या वेळी एकाच लाइनीवर सगळ्यांची गर्दी झाली की टनेलचं उत्तर किंचित मागे पडायचं आणि ८.८.८.८ जिंकायचा. त्याला बिचाऱ्याला हजेरी.एक्झाम्पल.कॉम माहीत असण्याचं कारणच नाही, तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणायचा. आणि ते "नाही" पंधरा मिनिटं युनिटभर वाटलं जायचं. पुण्यात मला कधीच दिसलं नाही, कारण माझ्या वायरगार्डच्या फाइलीत एकच डीएनएस होता.

म्हणून पहिली गोष्ट: ज्याला खाजगी नावं माहीत आहेत आणि ज्याला माहीत नाहीत, असे दोन सर्व्हर एकाच यादीत कधीही ठेवू नका. यादीतल्या सगळ्यांना सारखंच माहीत असलं पाहिजे. बॅकअप हवा तर तोही आतलाच हवा.

दुरुस्ती काय केली

८.८.८.८ नुसता काढून टाकता आला असता, पण मग टनेल पडल्यावर युनिटचं अख्खं इंटरनेट बंद. बँकेचं पोर्टल, ई-वे बिल, सगळंच. ते परवडणारं नव्हतं. डीएनएसमास्कमध्ये एखादं ठरावीक डोमेन ठरावीक सर्व्हरकडेच पाठवायची सोय आहे: सर्व्हरच्या ओळीत दोन तिरक्या रेघांमध्ये डोमेन लिहायचं आणि पुढे रिझॉल्व्हरचा पत्ता. त्या डोमेनचा प्रश्न मग दुसऱ्या कुणाकडे जातच नाही. बाकी सगळी नावं पब्लिक सर्व्हरकडे. अशा ओळी आम्ही दोन टाकल्या, आतल्या दोन रिझॉल्व्हरसाठी.

पण एक्झाम्पल.कॉम अख्खं आत वळवलं तर कंपनीची वेबसाइट आणि त्या डोमेनवरची मेलची नावंही टनेलमधूनच शोधली जाणार. म्हणून त्याच वेळी ॲपची नावं बदलली. हजेरी.एक्झाम्पल.कॉमचं झालं हजेरी.इंट.एक्झाम्पल.कॉम, प्रायव्हेट झोन फक्त इंट.एक्झाम्पल.कॉमचा, आणि आत वळवलं ते तेवढंच. लोकांना नवीन पत्ता पाठ करायला लावणं मला जिवावर आलं होतं, पण हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं असं आजही वाटतं. खाजगी ॲपना स्वतःच्या डोमेनखालचं वेगळं सबडोमेन द्या. डॉट लोकल वापरू नका, ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे, मॅक आणि लिनक्सवर हमखास गोंधळ होतो. डॉट इंटर्नल हा नावाचा शेवट आयकॅनने (डोमेन नावांची जागतिक संस्था) २०२४ मध्ये खाजगी वापरासाठी राखून ठेवला, त्यामुळे तो सुरक्षित आहे. पण त्यावर सार्वजनिक सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणजे प्रत्येक मशीनवर स्वतःचं रूट सर्टिफिकेट टाकत फिरावं लागतं.

रिझॉल्व्हरच्या पत्त्याबद्दल. व्हीपीसीचा आपला रिझॉल्व्हर पट्ट्याच्या सुरुवातीत दोन मिळवून येणाऱ्या पत्त्यावर असतो, आमच्याकडे १०.२०.०.२. तो फक्त व्हीपीसीच्या आतल्या मशीनना उत्तर देतो. साइट-टू-साइट व्हीपीएनने बाहेरून विचारलं तर गप्प. वायरगार्डचा सर्व्हर आतल्याच मशीनवर असेल आणि तिथे मास्करेड चालू असेल तर चालतं, कारण प्रश्न आतल्या मशीनने विचारल्यासारखा दिसतो. उद्या कुणी ते मास्करेड काढलं की डीएनएस बंद, आणि कारण कुणाच्या लक्षात येणार नाही. आम्ही म्हणून सरळ रिझॉल्व्हरचे इनबाउंड एंडपॉइंट (बाहेरून प्रश्न घेणारे पत्ते) घेतले, दोन वेगवेगळ्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये, १०.२०.१.१० आणि १०.२०.२.१०. त्याचे पैसे वेगळे पडतात, पण दोन पक्के पत्ते मिळतात. त्यांच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (ॲमेझॉनच्या फायरवॉलमध्ये) पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्हीला उघडा. टीसीपी विसरतात. मग मोठं उत्तर आलं की तेवढंच अडकतं आणि लहान उत्तरं नीट येत राहतात.

प्रायव्हेट झोनला उत्तरच येत नसेल तर व्हीपीसीच्या सेटिंगमध्ये डीएनएस सपोर्ट आणि डीएनएस होस्टनेम हे दोन्ही चालू आहेत ना ते बघा, एक चालू असून भागत नाही. आणि झोन त्या व्हीपीसीला जोडलेला आहे ना, तेही. नवीन व्हीपीसी काढली, पीअरिंग करून जुनीला जोडली, रूट टाकले, पिंग जातोय, नाव मात्र मिळत नाही, असं असेल तर दहातल्या नऊ वेळा झोनची हीच जोडणी राहिलेली असते.

आणखी एक अडथळा आम्हाला दुरुस्तीनंतर दुसऱ्याच दिवशी भेटला. डीएनएसमास्कमध्ये रिबाइंडपासून (बाहेरच्या नावाला आतला पत्ता देऊन फसवण्यापासून) संरक्षण चालू असेल तर बाहेरच्या सर्व्हरकडून आलेला १०.x किंवा १९२.१६८.x असा खाजगी पत्ता तो संशयास्पद समजून टाकून देतो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरवर हे सुरुवातीपासूनच चालू असतं. लॉगमध्ये "डीएनएस रिबाइंड हल्ल्याची शक्यता" अशा अर्थाची ओळ दिसते. संरक्षण बंद करू नका, फक्त आपलं सबडोमेन अपवाद म्हणून नोंदवा.

तपासताना फसवणारी साधनं

विंडोजवर एनएसलुकअपवर भरवसा ठेवू नका. तो डीएनएस सर्व्हरला थेट विचारतो, विंडोज स्वतः ज्या वाटेने नाव शोधते ती वाट तो घेत नाही. होस्ट्स फाइल बघत नाही, नावानुसार सर्व्हर ठरवणारे पॉलिसीचे नियम बघत नाही. त्यामुळे एनएसलुकअप "मिळालं" म्हणतो आणि ब्राउझर उघडत नाही, किंवा उलट. पॉवरशेलमधलं रिझॉल्व्ह-डीएनएसनेम वापरा. मॅकवर डिगची तीच अडचण, तिथे डीएसकॅशयुटिलने विचारा. लिनक्सवर गेटएंट होस्ट्स हे ॲपच्या वाटेने जातं, डिग नाही. माझी पद्धत अशी: आधी ॲपच्या वाटेने विचारायचं, मग डिगने आतल्या रिझॉल्व्हरचा पत्ता मुद्दाम देऊन विचारायचं. दोन उत्तरं वेगळी आली तर दोष मधल्या कुणातरी रिझॉल्व्हरचा. सारखी पण चुकीची आली तर झोनचा.

ब्राउझरची स्वतःची वाट असू शकते हेही तपासा. सिक्युअर डीएनएसमध्ये कुणी बाहेरचा सर्व्हर निवडून ठेवला असेल तर ब्राउझर राउटरला बाजूला ठेवून एचटीटीपीएसवरून परस्पर त्यालाच विचारतो. अँड्रॉइड फोनवर प्रायव्हेट डीएनएसमध्ये एखादं नाव भरलेलं असेल तर वायफायवरही तेच होतं. आमच्याकडे एका सुपरवायझरचा फोन सोडून सगळे फोन चालत होते, कारण मुलाने जाहिराती बंद करायला म्हणून ती सेटिंग करून दिलेली.

नाव बरोबर, पान चुकीचं

डोमेन बदलल्यावर दोन नव्या तक्रारी आल्या. पहिली, "कनेक्शन सुरक्षित नाही". आमच्याकडे स्टार.एक्झाम्पल.कॉमचं वाइल्डकार्ड सर्टिफिकेट होतं. वाइल्डकार्डचा तारा एकाच पायरीपुरता असतो. हजेरी.एक्झाम्पल.कॉमला चालतो, हजेरी.इंट.एक्झाम्पल.कॉमला नाही. स्टार.इंट.एक्झाम्पल.कॉमचं नवीन घ्यावं लागलं.

मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टकडून घेताना डोमेन आपलंच आहे हे पटवायची एचटीटीपी पद्धत इथे चालणार नाही, कारण त्यांचे सर्व्हर आपल्या खाजगी पत्त्यापर्यंत पोचू शकत नाहीत. शिवाय वाइल्डकार्ड त्या पद्धतीने मिळतच नाही. डीएनएस पद्धत घ्यावी लागते, आणि तिची टीएक्सटी नोंद पब्लिक झोनमध्ये टाकावी लागते. इथे एक बारीक फास आहे. सर्टिफिकेट मागणारा प्रोग्राम आत बसलेला, तो नोंद पोचली का हे आधी स्वतः तपासतो, आणि आतल्या रिझॉल्व्हरला विचारल्यावर प्रायव्हेट झोन पुढे येतो, ज्यात ती नोंद नाही. बाहेर सगळं बरोबर असूनही तो अडून बसतो. कुबरनेटिसवरच्या सर्ट-मॅनेजरमध्ये या तपासणीसाठी बाहेरचे नेमसर्व्हर वेगळे देता येतात, ते द्या. आणि नूतनीकरण हाताने करायचं ठेवू नका. सार्वजनिक सर्टिफिकेटची मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येतेय.

वाइल्डकार्ड घेण्याचं आणखी एक कारण. प्रत्येक सार्वजनिक सर्टिफिकेटवरचं नाव सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या उघड नोंदींमध्ये जातं. पगार.इंट असं नाव जगाला वाचायला ठेवण्याची गरज नाही.

दुसरी तक्रार, स्टोअरचं नाव टाकलं तर हजेरीचं पान उघडतं. एन्जिनएक्सला आलेलं नाव त्याच्या कुठल्याच सर्व्हर-नेममध्ये सापडलं नाही की तो त्या पोर्टवरचा पहिला ब्लॉक वापरतो. स्टोअरच्या ब्लॉकमध्ये नवीन नाव लिहायचं राहिलं होतं, इतकंच. पण यासाठीच सांगतो, ब्राउझरमध्ये आयपी पत्ता टाकून "ॲप चालू आहे" असं ठरवू नका. त्यात होस्टचं नाव जात नाही, सर्टिफिकेटसाठी लागणारं नावही जात नाही. कर्ल कमांडला रिझॉल्व्ह हा पर्याय देऊन नाव आणि पोर्ट एका पत्त्याला बांधा. डीएनएस वगळून पण खऱ्या नावाने चाचणी होते.

एन्जिनएक्सचीच एक सवय पुन्हापुन्हा येणाऱ्या तक्रारींमागे असते. पुढच्या ॲपचा पत्ता प्रॉक्सी-पासमध्ये डोमेन नावाने दिला तर तो ते नाव सुरू होतानाच एकदा शोधतो आणि पत्ता धरून बसतो. पुढे आतला लोड बॅलन्सर असेल तर त्याचे पत्ते बदलतात. मग काही दिवसांनी अचानक ५०२ किंवा ५०४ ही एरर, आणि रीलोड केलं की चालू. ओळखीचं वाटतंय ना? रिझॉल्व्हर म्हणून १०.२०.०.२ द्या, वैधता तीस सेकंद ठेवा आणि नाव व्हेरिएबलमध्ये घालून प्रॉक्सी-पासला द्या. एन्जिनएक्स १.२७.३ पासून अपस्ट्रीमच्या सर्व्हर ओळीतच रिझॉल्व्ह लिहिता येतं.

वेबसाइट आतून उघडत नाही

ही तक्रार आमच्याकडे नाव बदलण्याआधीची. व्हीपीएन लावलं की कंपनीची स्वतःची वेबसाइट बंद. कारण तेच, एक्झाम्पल.कॉमचा प्रायव्हेट झोन. आत त्या नावाचा झोन आहे म्हटल्यावर रिझॉल्व्हर पब्लिक झोनकडे बघतच नाही. वेबसाइटची नोंद प्रायव्हेट झोनमध्ये नसेल तर उत्तर एनएक्सडोमेन. तेव्हा आम्ही पब्लिकमधल्या नोंदी प्रायव्हेटमध्ये हाताने उतरवून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक बदलाला एकीकडची राहून जायची. वेगळं सबडोमेन केल्यावर हा उद्योग संपला.

नाव मिळतं, पत्ता बरोबर, तरी पोचत नाही

इथे दोनच गोष्टी आधी बघतो. पत्त्यांची टक्कर: घरच्या राउटरचा पट्टा आणि क्लाउडचा पट्टा एकच असेल तर लॅपटॉप टनेलमध्ये न जाता घरातच शोधत बसतो. म्हणून व्हीपीसीला १९२.१६८.०.x किंवा १९२.१६८.१.x कधी देऊ नका. १७२.१७.x सुद्धा नको, डॉकर आपलं पहिलं नेटवर्क तिथेच काढतो आणि पुढची १७२.१८ पासून वर. डेव्हलपरच्या मशीनवरून पोचत नाही, बाकी सगळ्यांचं चालतं, असं असेल तर डॉकरचे नेटवर्क पट्टे बघा.

दुसरी, एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. पिंग जातो, नाव मिळतं, लॉगिनचं लहान पान उघडतं, पण रिपोर्ट अर्धवट अडकतो किंवा एचटीटीपीएस सुरू होतानाच लटकतं. वायरगार्ड साधारणपणे १४२० घेतो, पण खालची लाइन पीपीपीओईची असेल तर तेही कधी कधी जास्त होतं. एकदा १३८० वर आणून बघा. फरक पडला तर मग नेमका आकडा शोधा.

दुरुस्तीनंतर युनिटमधल्या राउटरवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे. दर मिनिटाला ती तीन ठिकाणी तेच नाव विचारते: राउटरच्या स्वतःच्या डीएनएसमास्कला, १०.२०.१.१० ला आणि १०.२०.२.१० ला. वेगळं उत्तर आलं की वेळेसकट लिहून ठेवते. पहिल्याच आठवड्यात तिने एक प्रकार पकडला. पगाराच्या नवीन ॲपचा पत्ता अकाउंटच्या मॅडमना आदल्या संध्याकाळीच कळवला गेला होता, नोंद झोनमध्ये सकाळी पडली. त्यांनी नोंद पडायच्या दोन मिनिटं आधी पान उघडून बघितलं, आणि "नाही" हे उत्तर युनिटच्या कॅशमध्ये जाऊन बसलं. आता प्रायव्हेट झोनच्या एसओएचा टीटीएल आम्ही ६० वर आणलाय, आणि नोंद पडून डिगने दोन्ही एंडपॉइंटवर तपासल्याशिवाय नवीन नाव कुणाला पाठवत नाही.